मुलुंडच्या जुन्या फ्लॅटचं काम: साहित्य निवडण्याआधी राडारोड्याचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला १९८८ सालची तळ अधिक तीन मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६१० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके. कंत्राटदार म्हणतोय की सगळी फरशी उखडू, हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडू, संडास-बाथरूम नव्याने करू. तुम्हाला काम शक्य तितकं पर्यावरणपूरक हवंय, म्हणून विचारताय की भिंतीला सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) घ्यावं, बांबू घ्यावा की रिसायकल केलेल्या टाइल्स शोधाव्यात.

या तिन्हींवर पुढे लिहितो. पण फ्लॅटच्या कामात साहित्याच्या निवडीने जेवढी बचत होते त्याच्या कितीतरी पट बचत तोडफोड कमी केल्याने होते. ‘ग्रीन’ शिक्का असलेल्या टाइल्स बसवायला चांगली फरशी उखडली तर गणित सुरुवातीलाच तोट्यात जातं. म्हणून आधी तुमच्या कंत्राटदाराच्या योजनेचं वजन काढू.

जुनी मोझॅक फरशी साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड असते आणि तिच्याखाली ४० ते ५० मिलिमीटर मसाला. दोन्ही मिळून एका चौरस मीटरला १४० किलोच्या आसपास. संडास-बाथरूम वगळता तुमच्याकडे सुमारे ५२ चौरस मीटर फरशी असेल, म्हणजे सव्वासात टन. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरून, १०० चौरस फुटांना अडीच टन भरते. तुमची ९ बाय ९ची भिंत म्हणजे दोन टन. संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये फूटभर कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याची भरणी) असेल तर ४५ चौरस फुटांत दोन-सव्वादोन टन, आणि दोन्हींच्या भिंतींवरच्या टाइल्स मसाल्यासकट टनभर. ओट्याचे तुकडे, चौकटी वगैरे धरून एकूण तेरा टनांच्या आसपास. अरुंद जिन्यातून माणूस गोणीत पंचवीस किलोच नेऊ शकतो. म्हणजे पाचशेहून जास्त गोण्या खाली जाणार, आणि जवळपास तेवढंच वजन रेती, सिमेंट, टाइल्सच्या रूपात तीन जिने चढून वर येणार. अंदाजपत्रकात हे ‘डेब्रिज – एकरकमी’ अशा एका ओळीत दडलेलं असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दोन गोष्टी ज्यांवर बाकी सगळं अवलंबून आहे.

पहिली, तुमची सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे का? या वयाच्या तीन मजली इमारतींत ही चर्चा बहुधा सुरू असतेच. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बैठका झाल्या असतील, प्रकल्प सल्लागार नेमला असेल, तर पाच-सहा वर्षांसाठी फरशी बदलण्यात काही अर्थ नाही. मग रंग, वायरिंग, गळती एवढंच करा आणि उरलेले पैसे उचलून नेता येईल अशा वस्तूंत घाला: सुटी कपाटं, स्क्रूने जोडलेली ट्रॉली, पंखे, नळ. ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तुमच्या सोसायटीने केलं असेल तर तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या. तुमच्या फ्लॅटच्या छताबद्दल, तुळयांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय टाइल्सच्या दुकानात जाऊ नका. छताची सळई गंजून खपल्या पडत असतील तर पहिला खर्च तिथे.

दुसरी, इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे कॉलम-तुळयांच्या सांगाड्याची आहे की भिंतींवर उभी आहे? तळ अधिक तीन म्हटलं की दोन्ही शक्य आहे. खोल्यांमधल्या भिंती नऊ इंची असतील, कोपऱ्यात कॉलम दिसत नसतील, खालच्या मजल्यावर त्याच रेषेत तशीच भिंत असेल, तर ती भिंत वरचा भार पेलत असण्याची दाट शक्यता आहे आणि तिला हात लावायचा नाही. साडेचार इंची भिंत आणि तिच्या डोक्यावर तुळई असेल तर बहुधा ती नुसती आडोशाची. पण हे ‘बहुधा’ स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन, लेखी, काढून टाकलं पाहिजे. रंगरंगोटी, फरशी, प्लास्टर ही किरकोळ दुरुस्ती महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२च्या परवानगीच्या बाहेर आहे. भिंत हलवताना मात्र इंजिनिअर, सोसायटी आणि वॉर्ड ऑफिस असे तिघे येतात. भिंत अख्खी पाडण्याऐवजी तीन फूट रुंदीचा ओटाखिडकीसारखा झरोका काढला तर हॉल-स्वयंपाकघर मोकळं वाटतं, राडारोडा पाव टनावर येतो आणि मिक्सरची आदळआपट हॉलमध्ये येत नाही. भिंत भार पेलणारी निघाली तर मात्र झरोकाही नाही.

फरशीकडे येऊ, कारण निम्म्याहून जास्त वजन तिथेच आहे.

मोझॅक ही पॉलिश होणारी फरशी आहे, हे लोक विसरलेत. आधी लाकडी दांडक्याने प्रत्येक लादीवर टकटक करून पाहा. भरीव आवाज आला तर लादी चिकटलेली आहे, बद्द आवाज आला तर खाली पोकळ. बद्द लाद्यांवर खडूने फुली मारा. शंभरात दहा-पंधरा फुल्या असतील तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात. निम्म्या घरावर फुल्या असतील तर पॉलिशचा विचार सोडा. बदली लाद्या कपाटाखालून किंवा माळ्याखालच्या कोपऱ्यातून काढायच्या आणि तिथे नवीन काहीही लावायचं. मशीनचे दगड खरखरीतकडून बारीककडे ६०, ८०, १२० नंबर असे चढत जातात. १२० नंतर पांढरं सिमेंट आणि रंग कालवून बारीक छिद्रं भरतात, ते तीन-चार दिवस ओलं ठेवतात, मग २२० आणि ३२०, आणि शेवटी चमकेसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. कारागीर घाईत असला की भरण्याची पायरी गाळतो किंवा दुसऱ्याच दिवशी दगड फिरवतो. मग छिद्रं उघडी राहतात आणि वर्षभरात काळी पडतात. घासताना निघणारी सिमेंटची राळ नहाणी ट्रॅपमध्ये अजिबात जाऊ द्यायची नाही. ती पाइपात बसून दगड होते आणि खालच्या शेजाऱ्याकडे पाणी उतरतं. ट्रॅपला गोणपाट आणि प्लास्टिक घट्ट बांधा, राळ वायपरने ओढून बादलीत घ्या, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी पुन्हा मशीनला वापरा, गाळ वाळवून गोणीत भरा.

मोझॅकचा रंग अजिबात नको असेल तर टाइलवर टाइल. त्यासाठी खालची फरशी भरीव हवी, वरचं मेण आणि तेलकटपणा काढून ती खरवडलेली हवी, आणि भारतीय मानक आयएस १५४७७ मधलं टाइप ३ किंवा वरचं अधेसिव्ह हवं. जुन्या गुळगुळीत फरशीवर साधा सिमेंटचा मसाला धरत नाही. वजन चौरस मीटरला तीसेक किलो वाढतं, जाडी १३ ते १५ मिलिमीटर. हे वाढीव वजनही त्याच इंजिनिअरला सांगा. दरवाजे खालून तासावे लागतील आणि बाथरूमचा उंबरठा उरतोय का ते आधी मोजावं लागेल. खाली आधीच दोन थर असतील तर तिसरा टाकू नका.

आणि उखडायचीच असेल, तर सगळीकडे ब्रेकर (विजेवरचा हातोडा) लावू देऊ नका. या वयाच्या स्लॅबमध्ये सळईवरचं काँक्रीट आधीच सुटू पाहत असतं. ब्रेकरच्या हादऱ्याने खालच्या घराच्या छताचं प्लास्टर पडतं आणि ते भांडण काम संपेपर्यंत पुरतं. छिन्नी-हातोड्याने दोन दिवस जास्त लागतात, पण मसाला आणि लादी वेगळी निघते.

टाइल्सची नासाडी कशी होते ते एका खोलीवर दाखवतो. समजा बेडरूम २७९० बाय ३४५० मिलिमीटर आहे आणि टाइल ६०० बाय १२००ची. लांब बाजू ३४५०च्या दिशेने लावली तर तीन टाइल्सची रांग, अशा पाच रांगा, १५ टाइल्स, आणि उरतात ते कुठेच न बसणारे पट्टे. टाइल फिरवून लांब बाजू २७९०च्या दिशेने लावली तर प्रत्येक रांगेत दोन अख्ख्या टाइल्स आणि ३९०चा एक तुकडा. १२००च्या एका टाइलमधून ३९०चे तीन तुकडे निघतात; सांध्यांमुळे प्रत्यक्षात तर ३८६च लागतात. सहा रांगांना १२ अख्ख्या आणि तुकड्यांसाठी दोन, एकूण १४. शेवटच्या रांगेतून निघणारी १५० मिलिमीटरची पट्टी शंभर मिलिमीटरच्या स्कर्टिंगला लागते. नासाडी बारा टक्क्यांवरून पाचाच्या खाली आली, तीही त्याच टाइलमध्ये. हे कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे. पण टाइल्स येऊन पडल्यावर कारागीर दारापासून सुरू करतो आणि जिथे संपेल तिथे कापतो. म्हणून प्रत्येक खोलीचा नकाशा काढून भिंतीवर चिकटवा, पहिली टाइल कुठे बसणार त्यावर बाण काढा. जुन्या इमारतीत खोल्या काटकोनात नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना मापं घ्या आणि दोन्ही कर्ण ताणून बघा. प्रत्येक प्रकारचा एक खोका जास्त घ्या आणि तो माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एखादा पाइप फुटून चार टाइल्स फोडाव्या लागल्या तर तो शेड बाजारात मिळणार नाही, आणि मग चार टाइल्ससाठी अख्खी खोली जाते.

संडास-बाथरूमला मात्र मी हात आखडता घ्यायला सांगणार नाही. १९८८च्या मूळ, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपलाइन असतील तर त्या आतून भरत आल्या असणार, कोब्याखालचं वॉटरप्रूफिंगही संपलेलं असणार. इथे वरवर टाइल बसवणं म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा तेच सगळं फोडणं. कोबा पूर्ण काढा, स्लॅब धुऊन वाळवा, कोपऱ्यांना गोलाई द्या, वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत पाहा. मगच भरणी. भरणीसाठी तुमच्याच पाडलेल्या भिंतीचे विटांचे तुकडे चालतात; नवीन आणायची गरज नाही. अट एवढीच की त्यात पीओपी, लाकूड, प्लास्टिक नको. वजन कमी करायला सिपोरेक्सचे तुकडे भरायची पद्धत हल्ली आहे. ती चुकीची नाही, पण सिपोरेक्स पाणी पितं आणि धरून ठेवतं, त्यामुळे गळती कुठून आहे ते उशिरा कळतं. वॉटरप्रूफिंगची चाचणी नीट झाली असेल तरच ते वापरा. पाण्याचे पाइप शक्य असेल तिथे डक्टमधून उघडे न्या. भिंतीत झिरी मारायचीच तर कटरने दोन रेघा कापून मधलं काढा. नुसत्या छिन्नीने इंचाच्या झिरीसाठी चार इंच प्लास्टर सुटतं.

जुन्या मोरीचे किंवा डक्टमधले करडे पाइप, माळ्यावरचे पत्रे सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नका, कापू नका. ओले करून अख्खे काढा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा. जुना तैलरंगही कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत ते किती असेल सांगता येत नाही. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, आणि त्या दिवशी मुलं घरात नकोत.

आता नवीन साहित्य. सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, आडोशाच्या भिंतीला चांगलं. १०० चौरस फुटांना ६०० बाय २०० बाय १०० मिलिमीटरचे ८० ते ८२ ब्लॉक लागतात आणि वजन साडेसहाशे-सातशे किलो भरतं. विटांचं प्लास्टरशिवायच दोन टन. जुन्या स्लॅबला हा दिलासा आहे. पण ब्लॉक भिजवून ठेवायचे नाहीत, फक्त वरून ओलसर करायचे; जोडणीला तीन मिलिमीटरचा ब्लॉक-अधेसिव्ह, जाड मसाला नाही; कॉलमला भिंत मिळते तिथे जाळी, आणि शंभर मिलिमीटरच्या भिंतीला दर मीटर-सव्वा मीटर उंचीवर काँक्रीटची पातळ पट्टी. यातलं एक जरी चुकलं तरी पहिल्याच उन्हाळ्यात उभी चीर दिसते आणि दोष ब्लॉकला लागतो. स्वयंपाकघराची वरची कपाटं ज्या भिंतीला टांगायची तिथे ब्लॉकसाठीचे खास अँकर हवेत. साधा गिट्टा सैल होतो.

सिमेंट पीपीसी किंवा पीएससी घ्या. पहिल्यात फ्लाय अ‍ॅश, दुसऱ्यात पोलाद कारखान्याची मळी असते, म्हणजे तेवढं क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक) कमी भाजलं जातं, आणि खाऱ्या हवेत मळीचं सिमेंट टिकतंही चांगलं. फक्त ही सिमेंटं सावकाश ताकद धरतात. काँक्रीटसाठी आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगतं, या सिमेंटांना दहा. कंत्राटदार चौथ्या दिवशी थांबतो, मग ‘पीपीसी कच्चं असतं’ म्हणतो. रेतीसाठी प्लास्टरची धुतलेली एम-सँड (दगड दळून केलेली रेती) मागा. खाडीची रेती आली तर मीठ फुलून रंग सोलतो. आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर केलं तर रेती आणि क्युरिंगचं पाणी दोन्ही वाचतं. मात्र पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या, पावसाचा थेट मारा खाणाऱ्या भिंतीला आतून जिप्सम नको, संडास-बाथरूमला तर नकोच. ओल आली की ते पिठासारखं सुटतं.

बांबूबद्दल: कोकणातला माणगा घट्ट आणि सरळ असतो, पडदीला, छताखालच्या जाळीला, कपाटाच्या दारांना छान दिसतो. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडमध्ये मुरवलेला आहे का हे विचारा, नाहीतर घुण लागतो आणि खाली पिवळी भुकटी पडू लागते. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे उघड्या बाल्कनीत किंवा खिडकीबाहेर तो वापरू नका. ओट्याखाली बांबू नको. तिथे आयएस ७१०चं मरीन प्लाय, कडांना सगळीकडून पट्टी मारून. रिसायकल केलेल्या टाइल्स शोधत फिरण्यापेक्षा तुमच्याच घरात बघा. १९८८च्या दरवाज्यांच्या चौकटी सागवानी असतील तर रंधा मारून पुन्हा लावण्यासारख्या असतात. ओट्याचा काळा ग्रॅनाइट कापून खिडकीच्या पट्ट्या होतात, आतले कडप्पे तसेच नव्या ओट्याला लागतात. जे नकोच आहे ते तोडण्याआधी काढून विका. दार अख्खं असेल तर रे रोडच्या वखारींत किंवा ओशिवऱ्याला त्याला किंमत येते, तुटलं की ते जळण. अ‍ॅल्युमिनियम, पितळी नळ, तांब्याची वायर भंगारवाला वजनावर घेतो. हे पैसे कुणाचे, ते करारात लिहा.

उरलेला राडारोडा पहिल्या दिवसापासून वेगळा भरा: विटा-मसाला-फरशी एका गोणीत, पीओपी-जिप्सम दुसऱ्या, लाकूड-प्लास्टिक तिसऱ्या. पीओपी मिसळलं की त्यातल्या सल्फेटमुळे दळलेली खडी काँक्रीटच्या कामाची राहत नाही. २०१६च्या केंद्रीय नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवरच्या कामांना असं वर्गीकरण सक्तीचं केलं होतं. तुमचं काम त्यात बसत नाही, पण गोण्या वेगळ्या करायला खर्च शून्य आहे. उचलण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’वर नोंदणी करा. महापालिकेचा राडारोडा दहिसर आणि शिळफाट्याच्या प्रक्रिया केंद्रांत जातो. ‘आमचा टेम्पो आहे’ म्हणणाऱ्याला पोचपावती मागा. पावती नसेल तर तो माल रात्री खाडीकाठच्या कांदळवनात रिकामा होण्याची शक्यता बरीच, आणि मुलुंडकरांना ते ठिकाण सांगायला नको.

वेळापत्रक साधं आहे. दिवाळीनंतर सुरू करा, बाथरूम आणि पाइप आधी, मग वायरिंग, प्लास्टर, फरशी, मग सुतारकाम, शेवटी रंग. होळीला कारागीर गावी जातात हे धरून चाला. रंग मेच्या मध्यापर्यंत संपला पाहिजे; जूनमध्ये पुट्टी वाळत नाही आणि प्लायच्या कडा फुगतात. फरशीला पॉलिश करणार असाल तर पहिले दगड सुतारकामाआधी आणि ३२० नंतरचं काम रंगानंतर.

कराराबद्दल एकच गोष्ट. माल कंत्राटदार आणतो आणि त्यावर टक्केवारी घेतो, तेव्हा नासाडी त्याच्या फायद्याची असते. माल तुम्ही आणून दिलात की नासाडीशी त्याचं देणंघेणंच उरत नाही. म्हणून मजुरी चौरस फुटावर ठरवा, माल तुम्ही घ्या, आणि टाइल्समध्ये पाच टक्क्यांवरची नासाडी त्याच्या बिलातून वजा, असं लिहून घ्या. बारा मिलिमीटर प्लास्टरला १०० चौरस फुटांमागे १:४ मसाल्यात साधारण एक गोणी सिमेंट लागतं. दीड लागत असेल तर भिंत तरी वाकडी आहे किंवा मसाला खाली पडून वाया जातोय. भिंतीखाली ताडपत्री पसरा आणि पडलेला ताजा मसाला तासाभरात परत वापरायला लावा.

त्या भिंतीबद्दल नक्की सांगायला मला तीन गोष्टी लागतील: दाराच्या चौकटीपाशी मोजलेली तिची जाडी, तिच्या डोक्यावरच्या छताचा फोटो, आणि खालच्या फ्लॅटमध्ये त्याच जागी भिंत आहे की नाही. त्या कळवा. तोवर फरशीवर खडूच्या फुल्या मारून घ्या आणि खोलीगणिक किती आल्या तेही लिहा.